अर्धी खोळ

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी चित्र काढायला शिकायला बसले. तेही गणपतीचं किंवा डोंगराआडच्या सूर्याचं नाही, तर मोबाइलवरच्या गेममधल्या एका बाईचं. ही बाई खांद्याला धनुष्य अडकवून जंगलातून फिरते. डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेलं टोपरं असतं आणि त्या टोपऱ्याच्या आत चेहरा कधीच दिसत नाही, नुसता अंधार दिसतो. कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर बोनाफाईड सर्टिफिकेटं लिहून आणि पोरांच्या आईबापांशी हुज्जत घालून घरी आलं की मी अर्धा तास तिच्याबरोबर जंगलात जायचे. आईला त्याचा फार राग. "हिला तोंडच न्हाय," ती म्हणायची, "आन् हिच्या नादानं तुजं लगीन ऱ्हायलं."

आधी मी मोबाइलवरचे शिकवणीचे व्हिडिओ बघितले. पहिल्या पायरीला अंडं काढा, दुसऱ्या पायरीला अंड्यावर उभी रेघ मारा, आणि तिसऱ्या पायरीला ती बाई टोपऱ्याच्या सुरकुत्यांसकट तयार. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधे काय घडतं हे कुणीच सांगत नाही. मी आठ दिवस अंडी काढली. नवव्या दिवशी टोपरं काढलं, ते बघून आई म्हणाली, भाकरीवर फडकं झाकल्यागत दिसतंय.

घरात शिकवणारा माणूस होता आणि मी व्हिडिओ बघत होते, याला कारण आहे. आमचे अप्पा चाळीस वर्षं सोलापुरात भवानी पेठेतल्या एका लहानशा खोलीत बसून चादरींच्या नक्ष्या काढत होते. चौकटी-चौकटींचा कागद, टोक केलेली पेन्सिल, आणि तोंडानं कानडीत मोजणी. त्यांच्या मोरांवर आणि कोयऱ्यांवर कितीतरी घरं झोपली असतील. पण माणूस महाखडूस. मी अकरा वर्षांची असताना मोठ्या हौसेनं पोपट काढून दाखवला, तर चष्मा वर करून म्हणाले, "ही मिरची चांगली काडलीस की." झालं. त्या दिवसापासून मी पेन्सिल सोडली ती तेवीस वर्षांनी हातात घेतली.

दोन वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यांनी नक्ष्या कॉम्प्युटरवर करून घ्यायला सुरुवात केली आणि अप्पांना बोलावणं यायचं बंद झालं. त्यांनी पेन्सिलींचा पत्र्याचा डबा कपाटावर ठेवला आणि दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. एकच पेपर सकाळी वाचायचे, दुपारी वाचायचे. मला ते बघवत नव्हतं. म्हणजे माझ्या चित्रकलेत दोन गोष्टी अडकल्या होत्या. अप्पांच्या हातात परत पेन्सिल यावी ही एक. दुसरी मी तेव्हा कुणाला सांगितली नव्हती: मिरचीनंतर एकदा तरी त्यांच्या तोंडून 'बरं झालंय' ऐकायचं होतं.

पुढे जे झालं ते मला तारखांसकट माहीत आहे, कारण अप्पा प्रत्येक कागदाच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख घालत. डॉक्टरांनी "हे कधीपासून?" असं विचारलं तेव्हा मला आठवायचीही गरज पडली नाही. माझी बोंब आहे ती तीच.

तर भाकरीवरचं फडकं घेऊन मी मुद्दाम अप्पांच्या खुर्चीसमोर बसले. तीन दिवस त्यांनी दुर्लक्ष केलं. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"काय हाय हे?"

"टोपरं हाय, अप्पा."

"कापडाला वजन असतंय. तुज्या कापडाला वजनच न्हाय. दे हिकडं."

त्यांनी मोबाइलवर त्या बाईला बराच वेळ निरखलं. मग आत जाऊन एक जुनी चादर आणली, तिचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून खोळ केली आणि स्वयंपाकघरातून आईला ओढून आणून स्टुलावर बसवून ती तिच्या डोक्यावर घातली. "मंद्रूपला असताना पावसात पोत्याची अशीच खोळ घेऊन रानात जायचो," म्हणाले. आई खोळीच्या आतून बोलत होती की कुकर लावलाय, गॅस बारीक करू द्या. अप्पा म्हणाले, "हलू नको." कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या आणि वरणाचा लगदा झाला, पण मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कापड दिसलं.

"तोंड काडायच्या भानगडीत पडूच नको," ते सांगत होते. "कापड कुटं उचललंय ते बग. डोस्कं हाय म्हणून हितं वर हाय. खांदा हाय म्हणून हितं पसरलंय. आतला माणूस कसा हाय ते कापडच सांगतंय."

कपाटावरचा डबा खाली आला. ते त्यांच्या चौकटींच्या कागदावर काढायचे, ओंदु, एरडु, मूरु करत एकेक चौकट भरायचे. मी माझ्या कोऱ्या वहीत काढायचे. नंतर तेही माझ्याच वहीत काढायला लागले, कारण कोऱ्या कागदावर बिनमोजता रेघ ओढण्यात त्यांनाही मजा यायला लागली होती. रोज साडेसहा ते आठ हा आमचा वर्ग. रोज माझ्या किमान पाच चुका निघत. अप्पांना इतकं बोलताना मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

एकदा मी विचारलं की अर्धंच काढलं तर चालेल का. सोलापूरच्या चादरीची बरीचशी नक्षी कागदावर अर्धीच असते. मधल्या रेघेपर्यंत काढायची, उरलेली बाजू माग उलटवून आपोआप विणतो. अप्पांचं सगळं आयुष्य अशा अर्ध्या मोरांत गेलेलं. पण त्यांनी मान हलवली. "माणूस अर्धा काडून चालत न्हाय. हिच्या ह्या खांद्यावर धनुष्य हाय, त्या खांद्यावर न्हाय. दोन्हीकडं कापड येगळं पडतंय." हे वाक्य मी ऐकलं आणि विसरले.

मग एका गुरुवारी ऑफिसातून आले तर अप्पा आधीच बसलेले. वहीच्या पानावर खोळीची उजवी बाजू काढून तयार होती. टोकापासून सरळ खाली, आखणी केल्यासारखी, आणि डावी बाजू पूर्ण कोरी. काय सुंदर बाजू होती ती. सुरकुत्या अशा पडल्या होत्या की हात लावावासा वाटावा.

मला हसू आलं. म्हटलं, "अप्पा, आज अर्धाच पगार दिला व्हय?"

"हाय ते बग," अप्पा म्हणाले.

मी माझ्या हुशारीनं अर्थ लावला. सवय! चाळीस वर्षांचा हात, मधल्या रेघेवर येऊन थांबला. आणि लगेच त्याहून मोठी हुशारी सुचली की हा गृहपाठ आहे. उजवी बाजू गुरूची, डावी शिष्याची. मी पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'नक्षीवाल्यांच्या घरी माणूसही अर्धाच.' काका-मावश्यांनी हसरे चेहरे पाठवले. रात्री जेवणानंतर मी जीव ओतून डावी बाजू पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी वही त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि शिव्या खायला तयार होऊन बसले. अप्पांनी पान बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं.

"बरं झालंय की," म्हणाले.

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. सोमवारी ऑफिसात पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर सांगितलं, असेच. चौतीस वर्षांच्या बाईनं वडिलांनी बरं म्हटलं म्हणून पेढे वाटले, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

त्यानंतर रोज तेच. अप्पा उजवी बाजू काढायचे, मी डावी. अप्पा एकही चूक काढायचे नाहीत. माझी भीड चेपली. मी डाव्या बाजूला झाड घातलं, पक्षी घातला. एकदा गंमत म्हणून धनुष्य उलटं अडकवलं, दोरी बाहेरच्या बाजूला. अप्पांनी ते पानही मान डोलावून परत दिलं. मला वाटलं, वय झालं, माणूस निवळला. खडूसपणा गेला याचा मला आनंद झाला होता.

तेवढ्या दिवसांत घरात आणखीही काही घडत होतं आणि आम्ही त्या प्रत्येक गोष्टीला आपापलं उत्तर शोधून ठेवलं होतं. अप्पांच्या ताटातली शेंगाचटणी तशीच राहायला लागली. शेंगाचटणी म्हणजे अप्पांचा जीव. बीपीच्या डॉक्टरनं मीठ कमी करा म्हणून तीन वर्षं सांगितलं तरी हा माणूस चटणीशिवाय घास मोडत नव्हता. आता चटणी शिल्लक, लिंबाची फोड शिल्लक, कोशिंबीर शिल्लक. आई शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "सुदारलं एकदाचं म्हातारं." आपल्याकडं चटणी, लिंबू, कोशिंबीर ताटात डावीकडंच वाढतात, हे लहान मुलीलाही माहीत असतं, तिला आणि मलाही माहीत होतं. त्यांच्या डाव्या दंडावर काळानिळा डाग दिसला, ते दाराच्या चौकटीला धडकले होते. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, पुढच्या महिन्यात दाखवू.

असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी सोमवार होता. दर सोमवारी अप्पा दाढी-आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून देवळात जातात. मागच्या सोमवारी मी पेढ्यांच्या गडबडीत होते आणि आई कुकरपाशी, कुणी त्यांच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. ते तयार होऊन बाहेर आले आणि आईला हसू फुटलं. दाढी अर्धीच केली होती. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर पांढरे खुंट आणि वाळलेला साबण. मीही हसले. म्हटलं, आता दाढीपण अर्धीच का? आणि हसता हसता माझी नजर वर त्यांच्या कपाळाकडं गेली. विभूतीचे तीन पट्टे उजव्या बाजूनं निघून कपाळाच्या मध्यावर येऊन थांबले होते. पुढं नुसतं कपाळ.

आईनंही तेव्हाच बघितलं. तिचं हसू तोंडावरच राहिलं. दर सोमवारी न चुकता आडवी लागणारी विभूती. ती चुकून अर्धी लागत नाही.

"काय हसताय?" अप्पांनी विचारलं.

आईनं भिंतीवरचा आरसा काढून त्यांच्यासमोर धरला. "अवो, बगा जरा. दाडी ऱ्हायलीय."

अप्पांनी आरशात बघितलं. अगदी नीट बघितलं. "झाली की," म्हणाले, आणि चप्पल घालायला लागले. एकच घातली.

मी त्यांना धरून तसंच रिक्षात बसवलं. खांद्याला ऑफिसची पिशवी होती, ती का घेतली तेही कळलं नाही. चित्रांची वही तिच्यातच होती.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्यापेक्षा लहान असेल. तिनं अप्पांना कागद-पेन्सिल दिली आणि घड्याळ काढायला सांगितलं. अप्पांनी सफाईनं गोल काढला. मग एकापासून बारापर्यंत आकडे लिहिले, सगळेच्या सगळे उजव्या अर्ध्यात, एकावर एक दाटीवाटीनं कोंबून. डावी बाजू कोरी. आणि समाधानानं पेन्सिल खाली ठेवली. हे मी पाहिलं होतं. रोज साडेसहाला पाहिलं होतं.

मी पिशवीतून वही काढून डॉक्टरांपुढे ठेवली. ती पानं उलटायला लागली. सुरुवातीच्या पानांवर खोळ दोन्हीकडून पुरी होती, अप्पांच्या हातची. त्यानंतरच्या पानांवरही पुरीच होती, पण तिनं एका पानावर बोट ठेवलं.

"ही बाजू कुणी काढली?"

"अप्पांनी."

"आणि ही?"

"मी," म्हटलं. "मला वाटलं, गृहपाठ दिलाय."

ती पानं मागं उलटत गेली आणि त्या गुरुवारच्या पानापाशी थांबली. कोपऱ्यातली तारीख वाचली. बुधवारचं पान वाचलं. परत गुरुवारचं. नंतर तिनं सांगितलं की मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडलाय. डोळ्यांना काही झालेलं नाही. डोळ्यांना दिसतं, पण मेंदू डावी बाजू धरतच नाही, आणि धरत नाही हे त्यांना कळत नाही. "पहिल्या काही तासांत आणलं असतं तर," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघून तिनं पुढचं वाक्य गिळलं.

पहिल्या काही तासांत मी फोटो काढून खाली विनोद लिहीत होते.

व्हरांड्यातल्या बाकावर बसले तेव्हा मला धक्का कशाचा बसला होता, ते सांगायची लाज वाटते. अप्पांचं काय होणार, हा विचार आधी यायला हवा होता. तो दुसरा आला. पहिला विचार असा आला की त्यांनी माझी बाजू पाहिलीच नव्हती. उलटं धनुष्य, झाड, पक्षी, यातलं काही त्यांच्यापुढं नव्हतंच. बरं झालंय की, ते त्यांनी स्वतःच्याच अर्ध्या खोळीला म्हटलं होतं. वडील आत खाटेवर होते आणि मी बाहेर बसून एका वाक्यासाठी रडत होते. अशी लेक कुणाला असू नये.

संध्याकाळी मी वॉर्डात वही घेऊन गेले. डॉक्टरांवर माझा विश्वास नव्हता, किंवा ठेवायचा नव्हता. एक पान असं होतं की त्याची डावी बाजू भरायची राहून गेली होती. ते त्यांच्यापुढं धरलं. "अप्पा, हे पुरं हाय का बगा."

"हाय की."

मी पान वरचं खाली फिरवलं. आता काढलेली बाजू त्यांच्या डावीकडं गेली आणि कोरी उजवीकडं आली. अप्पांनी माझ्याकडं वैतागून बघितलं.

"कोरा कागद कशाला दाकवतीस?"

स्वतःच्या हातची खोळ त्यांच्या नाकासमोर होती. मी वही मिटली. मिटताना कागदाचा आवाज झाला, तेवढाच.

तेरा दिवसांनी घरी आलो. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी आम्हाला दोन नियम घालून दिले. कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची; आधी मान वळवून ती पट्टी शोधायची, तिच्यावर बोट ठेवायचं, मगच पेन्सिल टेकवायची. दुसरा नियम आम्हा दोघींसाठी होता: त्यांच्याशी बोलायचं ते डावीकडं बसून. उजवीकडून बोललात तर त्यांना सोपं जाईल आणि डावी बाजू कायमची जाईल. आईला हे जमत नाही. ती पाच मिनिटं डावीकडं बसते आणि डोळे पुसत उठून जाते. मी बसते. रोज साडेसहा ते आठ.

परवाचीच गोष्ट. मी डावीकडं बसून ऑफिसातलं काहीबाही सांगत होते. नवीन साहेब, बंद पडलेला प्रिंटर. अप्पा हुंकार देत होते, मधेच प्रश्न विचारत होते, पण सगळं उजवीकडच्या लाकडी कपाटाकडं बघून. माझा आवाज तिकडून येतोय असंच त्यांना वाटतं. समोर कागद होता. मी म्हटलं, "अप्पा, लाल पट्टी."

ते मान वळवायला लागले. थोडी वळवली की नजर परत उजवीकडं घसरायची. परत वळवायचे. घाम आला होता त्यांना. चौथ्या खेपेला बोट पट्टीवर टेकलं. पण या वेळी ते तिथं थांबले नाहीत. बोट पट्टीवरून पुढं कागदाच्या बाहेर आलं, टेबलावरून सरकलं आणि माझ्या मनगटाला लागलं. अप्पा दचकले. मनगटावरून त्यांची नजर वर चढत माझ्या तोंडापर्यंत आली.

"तू कवा आलीस?"

"मगापासनं हितंच हाय की. तुमच्याशीच बोलाय लागलेय."

ते माझ्याकडं बघत राहिले. दुखण्यानंतर पहिल्यांदा, सरळ माझ्या डोळ्यांत. मग नजर थकली आणि मान हळूहळू, त्यांना नकळत, उजवीकडं फिरली. माझं मनगट अजून त्यांच्या बोटाखाली होतं. मी जागची हललेही नव्हते.

अप्पा कपाटाकडं बघत म्हणाले, "गेलीस व्हय?"